तेल पाजलेले ड्रम

गंगापूर रोडच्या मागच्या गल्लीत कोणाला माठ घ्यायचा असला की आधी सरुबाईला विचारतात. मार्च लागला की बाया तिला रिक्षात मध्ये बसवून कुंभाराकडे नेतात. ती माठ उचलते, कानाशी धरते, मधल्या बोटाच्या पेराने एक टिचकी मारते आणि मान हलवते. बस्स, त्यापुढे चर्चा नाही. तिने नको म्हटलेला माठ हट्टाने घेऊन आलेल्या वत्सलाबाईच्या ओट्यावर दुसऱ्या दिवशी तळं साचलं होतं, हे वत्सलाबाई सोडून गल्लीत सगळे सांगतात.

घर माळ्याचं. सरुबाई लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्याची पाच एकर फुलशेती होती. आता दीड एकर उरलीय, आणि तीही तीन बाजूंनी इमारतींनी कोंडलेली. सकाळी ती झेंडू तोडत असते तेव्हा वरच्या गॅलरीतून कोणीतरी तोंडात ब्रश धरून तिच्याकडे बघत असतं. मुलगा ज्ञानेश पुण्याला नोकरीला. घरात उरली ती दोघं, सरुबाई आणि नवरा गोटीराम, आणि तिसरी म्हणजे व्हॅन.

व्हॅन बावीस वर्षांची. पूर्वी ती शाळेची मुलं न्यायची. मागच्या सीटा काढून टाकल्या, पण ‘खिडकीबाहेर हात काढू नका’ हा कागद अजून आत चिकटलेला आहे आणि झेंडूची पोती तो नियम गुमान पाळतात. गोटीरामला अख्खी गल्ली तात्या म्हणते. तात्या व्हॅनशी गोडीने बोलतो आणि बायकोशी हॉर्नने, असं गल्लीचं मत आहे. दारात येऊन दोनदा वाजवलं की चहा टाक, तीनदा वाजवलं की बाहेर ये. चौतीस वर्षांत सरुबाईने त्याला कुठल्याही लांबच्या फेरीला एकटं जाऊ दिलेलं नाही. प्रेम वगैरे तिला विचारू नका. “वाटेत कोण खायला घालंल त्यांना,” एवढंच म्हणेल.

तर यंदा नवरात्राच्या तोंडावर व्हॅनने अंग काढलं. ब्रेक दाबला की मागून सगळी गाडी थरथरायची, हिवताप भरल्यासारखी. कोपऱ्यावरच्या निवृत्ती मिस्त्रीने मागची दोन्ही चाकं खोलली आणि ब्रेकचे ड्रम काढून फरशीवर पालथे ठेवले. लोखंडी पातेलीच म्हणायची. मग एक उलटं करून त्याने आतली भिंत दाखवली. भिंतीवर निळे डाग होते आणि केसाएवढे तडे.

“दोनदा लेथवर घासून आणलेत तुम्ही,” मिस्त्री म्हणाला. “आता घासायला काय उरलंच नाय. भिंत पातळ झाली की तापते, तापली की तडकते.”

“अजून एकदा नाय का घासून होणार? हलकासा.”

“होईल की. मग घाटात देवाचं नाव घ्यायला तोंड मोकळं ठेवा.”

“भंगारात बघू का मग? चांगले निघत्यात कधीकधी.”

“तात्या, जुनाच घालायचा असंल तर हा काय वाईट हाय?”

म्हणून सप्तमीला दोघं वडाळा नाक्याच्या पुढे गाड्यांच्या सामानाच्या दुकानात गेली. दुकानदाराने काउंटरवर पाच-सहा ड्रम मांडले. तात्या एकेक हातात घेऊन वजन जोखत बसला, कलिंगड घेतल्यासारखा. सरुबाई थोडा वेळ उभी राहिली, मग तिला राहवेना. तिने एक ड्रम बोटावर अडकवून धरला आणि टिचकी मारली. ड्रम घंटेसारखा वाजला. दुसरा वाजला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसायला लागली.

चौथा वाजला नाही. नुसता ‘टक’ झाला.

“हा फुटका हाय,” ती म्हणाली.

“मावशी, नवा माल आहे, कालच पेटी फोडली,” दुकानदार म्हणाला. पण त्याने बॅटरीच्या उजेडात पाहिलं, आणि बोल्टच्या भोकापाशी एक बारीक चीर निघाली. त्याने तो ड्रम काउंटरखाली ठेवला. सरुबाईने उरलेल्यांतून एका सुरात वाजणारे दोन निवडले. “दोन्हीकडं सारखेच पाहिजेत, नायतर गाडी एका अंगाला ओढंल,” असं वर सांगून ती बाहेर आली. मिस्त्रीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, बाई बोलली ते बरोबर बोलली.

झालं. गल्लीला विषय मिळाला. “सरुबाई, आमची मिक्सरची भांडी जरा वाजवून बघा.” “सरुबाई, जावई बघायला जातोय, टिचकी मारायला येता का?” ती लटकं रागवायची, पण आतून तिला बरं वाटत होतं. आयुष्यात प्रथमच तात्याच्या व्हॅनच्या कामात तिचा शब्द चालला होता. ते ड्रम तिचे होते. आणि आपल्या वस्तूची माणूस जरा जास्तच काळजी घेतं. तिथेच सगळं बिनसलं.

दुकानातून आलेल्या ड्रमना काळपट वंगण फासलेलं होतं. सरुबाईला ते बघवेना. अष्टमीला दुपारी तिने दोन्ही ड्रम मोरीत घेतले, राख आणि काथ्या घेऊन भांड्यासारखे घासले, उन्हात पालथे घातले. आणि तिने एवढंच करून सोडून दिलं असतं तर उलट निवृत्तीचं काम वाचलं असतं, कारण ते वंगण बसवण्याआधी काढावंच लागतं. पण नवमीच्या पहाटे बघते तर आतल्या भिंतीवर तांबूस गंज फुललेला. बिडाच्या तव्याला फुलतो तसाच. त्यावर उपाय कुठल्याही बाईला माहीत असतो. तिने गंज पुसला, वाटीत गोडं तेल घेतलं आणि दोन्ही ड्रमना आतून बोटाने गोल गोल फिरवत तेल पाजलं, नव्या तव्याला पाजतात तसं, मुरेपर्यंत, पुन्हा वरून एक हात. खंडेनवमी होती, म्हणून त्याच तेलात चिमूटभर शेंदूर कालवला. बाहेरून हळदकुंकवाची बोटं ओढली. मग पाटावर तात्याचे पाने, जॅक, विळे, खुरपी आणि मध्ये ते दोन ड्रम, अशी हत्यारांची पूजा मांडली. फार देखणी दिसत होती पूजा.

आता, ब्रेक कसा लागतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ड्रम चाकाबरोबर फिरतो. त्याच्या पोटात दोन अर्धगोल पट्ट्या असतात. पाय दाबला की त्या फाकतात आणि ड्रमच्या आतल्या भिंतीला घट्ट धरतात. फिरत्या मडक्याला आतून हात लावून थांबवावं तसं. त्या भिंतीवरच तिने तेल मुरवलं होतं.

निवृत्ती मिस्त्री ड्रम अष्टमीलाच बसवणार होता, पण तो वणीच्या गडावर दर्शनाला गेला आणि त्याला यायला उशीर झाला. नवमीला सकाळी तात्या त्याच्याकडे गेला तर मिस्त्री पांढरा शर्ट घालून हार घातलेल्या पान्यांसमोर बसलेला.

“आज हात नाय लावत तात्या. पूजा झाली. उद्या सोनं लुटलं की पहिलं काम तुमचं.”

“उद्या काय करू? दसरा उलटला की झेंडू गुरंबी हुंगत नाय. आज संध्याकाळी कल्याणला माल उतरला पाहिजे.”

“मग दुसऱ्याची गाडी बघा.”

दुसऱ्याची गाडी त्या दिवशी कुठे मिळते. नाशिकचा सगळा झेंडू रस्त्यावर होता. तात्या घरी आला, पूजेसमोर क्षणभर उभा राहिला, हात जोडले आणि पाटावरचा जॅक उचलला.

सरुबाई पाटाच्या आडवी आली. “अहो, पुजलेली हत्यारं. नका ना उचलू.”

“देवीला सांगितलंय मी. अर्ध्या तासात परत ठेवतो.”

कुंपणापलीकडून वत्सलाबाईने बरोबर तेवढंच पाहिलं. तिला बाकी काही दिसत नाही, मोतीबिंदू आहे म्हणते. पण शेजारच्या पाटावरचा पाना हलला की दिसतो. “सरुबाई, आज घाट नको गं,” ती भिंतीवर हनुवटी टेकवून म्हणाली. “नवमीला शस्त्र उचललं की ते कोणाला तरी लागतं. आमच्या मामांचं असंच झालं होतं.”

“काय झालं होतं?” तात्याने विचारलं.

“ते आता नाय सांगत. निघायच्या वेळी कशाला.”

हे जास्त वाईट झालं. सरुबाईने लगेच व्हॅनला नवं लिंबू-मिरची बांधलं, चाकापुढे नारळ फोडला. भीती तिला बरोबर वाटत होती, फक्त ती चुकीच्या जागी जाऊन बसली होती.

तात्याने एकट्याने दोन्ही चाकं खोलली, जुने ड्रम काढले आणि नवे चढवले. हात कपाळाला पुसायला गेला तर बोटं लाल. “दुकानदारानं आतून रंग मारलेला दिसतोय गंजू नये म्हणून,” तो म्हणाला. “जाईल घासून.”

सरुबाई दारात भाकऱ्या फडक्यात बांधत उभी होती. तो रंग कोणाचा हे तिला माहीत होतं. पण सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, लोखंडाला काय अभ्यंग घालते का. मग ते गल्लीत पसरलं असतं. “हो का,” म्हणून तिने गाठ मारली. पाने मात्र तिने आठवणीने धुवून घेतले आणि परत पाटावर नेऊन ठेवले. एक पानासुद्धा गाडीत ठेवू दिला नाही.

बाराच्या सुमाराला निघाले. मागे छतापर्यंत झेंडूची पोती, त्यांचा उग्र वास, पुढे दोघं. पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला व्हॅन थांबली, पण तात्याला वाटलं होतं त्याच्या हातभर पुढे. पुढच्या रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

“नवीन हायेत,” तात्या म्हणाला. “घासून बसतील. शंभरेक किलोमीटर लागत्यात.”

ते खरंही असतं. नवे ड्रम बसायला वेळ घेतात. म्हणूनच त्याने दुसरा विचार केला नाही. घोटीच्या टोलनाक्यावर पाय दाबला तर गाडी सरळ सरकत गेली आणि अडसराच्या दांड्यापासून वीतभरावर उभी राहिली. नाक्यावरची मुलगी दांड्याकडे बघत होती, मग तात्याकडे. त्याने काच खाली करून उगाच हसून दाखवलं. सरुबाईने मनात मोजलं, पहिल्यांदा हात, आता वीत. वत्सलाबाईचा मामा तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्याला तोंड नव्हतं, कारण त्याचं काय झालं ते कोणी सांगितलंच नव्हतं.

इगतपुरी आली. भात पिवळा पडायला लागला होता आणि डोंगरावर धुकं बसून होतं. पुढे घाट. घाट उतरण्याआधी तात्या नेहमी ज्या टपरीवर चहा घेतो तिथे त्याने गाडी लावली. ट्रकवाले दोघं-तिघं आधीच बसलेले. सरुबाई खाली उतरली आणि मागच्या चाकापाशी तिला वास आला.

हा वास तिला रोजचा होता. बिडाच्या तव्याला तेल पाजून चुलीवर ठेवला की येतो तो. ती वाकली. टायरच्या आतल्या बाजूने एक लाल ओघळ खाली आला होता, बोटाच्या रुंदीचा, चकचकीत. दुसऱ्या चाकालाही तसाच. ती तिथेच चाकाला हात लावून उकिडवी बसली. मग पदराच्या कोपऱ्यातून फोन काढून तिने मिस्त्रीला लावला.

“निवृत्तीभाऊ, एक विचारते, हसू नका. त्या ड्रमला आतून तेल लागलं तर काय होतं?”

“आतून? कसं लागलं? सील गळतंय का?”

“गळत नाय. मी लावलंय. तव्याला लावतो तसं. मुरवून.”

पलीकडे आरतीची घंटा वाजत होती, ती दूर गेली. मिस्त्री बाहेर येऊन बोलत असावा.

“वहिनी, कुठे हाय तुम्ही?”

“इगतपुरीत. चहाला.”

“तात्यांना घाट उतरू देऊ नका. मागचे ब्रेक नाहीतच असं धरून चाला. पट्ट्यांनी तेल पिलं असंल आता. पुढचे दोनच एवढं वजन किती धरतील? घाटात तापले की पाय तळाला जाईल आणि खाली काय नसंल. ऐकताय का?”

“ऐकते.”

“चाकं खोलून पेट्रोलनं धुवायला लागतील, पट्ट्या बदलायला लागतील. पाने हायेत ना गाडीत?”

सरुबाईला पाटावर धुवून ठेवलेले पाने आठवले. समोर रस्त्यापलीकडे एक गॅरेज होतं. त्याच्या बंद शटरला झेंडूचा हार घातलेला होता.

तात्या बशीत चहा ओतून पीत होता. त्याला बाजूला बोलवावं असं तिला फार वाटलं, पण तो उठायचा नाही हेही तिला माहीत होतं, म्हणून तिने तिथेच, ट्रकवाल्यांसमोर सांगितलं. तेल, शेंदूर, मिस्त्री काय म्हणाला ते, सगळं. पायांकडे बघत सांगितलं.

एक ट्रकवाला खोकला. “काकूंनी ब्रेकला फोडणी दिली वाटतं.”

“मोहरी राहिली,” दुसरा म्हणाला.

हसले सगळे. तात्याचा चेहरा मात्र झेंडूच्या देठासारखा झाला. तीस वर्षं हा माणूस या टपरीवर ड्रायव्हर म्हणून बसत आला होता.

“उद्या सकाळी कोणी मिस्त्री मिळंल, धुवून घेऊ,” ती हळू म्हणाली. “फुलं इथंच बाजारात बसून विकू. जातील तेवढी जातील.”

“सहा पोती इगतपुरीत विकतीस? कोणाला, डोंगराला?” त्याने बशी खाली ठेवली. “पहिल्या गिअरमध्ये उतरतो. इंजिन धरंल. मिस्त्र्याला काय, तो घरी बसून घाबरतोय.”

“तात्या, काकूंचं ऐका,” पहिला ट्रकवाला म्हणाला. त्याचं हसू गेलं होतं. “मागल्या महिन्यात खाली वळणावर एक पिकअप बघितलीय मी. ओळखायला येत नव्हती कुठली बाजू पुढची ते.”

ते ऐकून तात्या आणखी ताठला. टपरीच्या मागून एक कच्चा उतार खाली भातखाचरांकडे जातो, बैलगाडीच्या रुंदीचा, दीडशे-दोनशे पावलांचा. त्याने तिकडे बोट दाखवलं.

“चल. तिथं दाखवतो थांबती का नाय. थांबली तर तोंडातनं शब्द काढायचा नाय कल्याणपर्यंत.”

“आणि नाय थांबली तर?”

“थांबती.”

तिने बसायला नको होतं. ट्रकवाल्याने तिला तसं सांगितलंही. पण तो दार लावून चावी फिरवत होता आणि ती बाहेर होती, हे चौतीस वर्षांत कधी झालं नव्हतं. ती पदर खोचून शेजारी चढली.

उताराच्या तोंडाशी तो पहिल्या गिअरमध्ये सावकाश उतरला. मग, खात्री पटवायची म्हणून, गिअर काढला आणि गाडी मोकळी सोडली. पोती मागे कुरकुरली. खिडकीबाहेरचं गवत हळू चालत होतं, ते पळायला लागलं.

“आता दाबा,” सरुबाई म्हणाली.

त्याने दाबला. पुढची चाकं जागच्या जागी अडकली आणि खडीवरून घसरायला लागली. मागची गोल गोल फिरतच होती, बिनआवाजी, जशी काही त्यांना कोणी काही सांगितलंच नाही. मागचं ओझं ढकलत होतं. तात्याने पुन्हा दाबला, दोन्ही पायांनी दाबला. हँडब्रेक कानाएवढा वर ओढला. हँडब्रेकही त्याच मागच्या दोन ड्रमवर चालतो. तो हातात पोकळ आला.

तो काहीच बोलला नाही. तिला नंतर तेच जास्त आठवलं. हा माणूस वासरू आडवं आलं तरी शिव्या देतो, आणि आता ओठ मिटून बसला होता, नाकाने श्वास घेत. तिने एका हाताने त्याचा दंड धरला, दुसऱ्या हाताने समोरची फळी. उताराच्या शेवटी वाट उजवीकडे वळत होती. ते वळले नाहीत. खाचराचा बांध आला, गाडी त्यावर छातीने आदळली, उचलली, आणि पलीकडे भाताच्या ओल्या चिखलात नाक खुपसून बसली. मागचं दार उघडलं. दोन पोती फुटली. आणि मग केवढी शांतता झाली. इंजिन बंद पडलं होतं आणि चाकांमधून तव्याचा वास वर येत होता.

सरुबाईचं कपाळ फळीला लागलं होतं, टेंगूळ येत होतं. तिने हात फिरवून पाहिलं, रक्त नव्हतं. मग तात्याकडे पाहिलं. त्याला काही लागलेलं नव्हतं. तो स्टिअरिंग धरून ताठ बसला होता. लांब तिकडे, धुक्याच्या कडेला, महामार्गावरून भरलेले ट्रक एकामागून एक घाटात उतरत होते. तो तिकडे बघत होता.

वरून ट्रकवाले धावत येत होते. त्यांच्या चपला खडीवर वाजत होत्या.

“अहो, उतरा,” ती म्हणाली.

तो हलला नाही. तिने खाली पाहिलं. त्याचे दोन्ही पाय ब्रेकवर होते. पेडल तळाला टेकलेलं होतं, तरी तो दाबतच होता.

“पाय काढा आता.”

“काढला तर जाईल,” तो म्हणाला.

“कुठं जाईल? चिखलात रुतलीय.”

“जाईल गं.”

तिने त्याच्याशी वाद घातला नाही. ती सीटवरून खाली सरकली, त्या एवढ्याशा जागेत गुडघे टेकून बसली आणि दोन्ही हातांनी त्याचा उजवा पाय धरला. पाय लोखंडासारखा झाला होता. तिने आधी टाच सोडवली, मग बोटं, एकेक करून.